झाकणाबरोबर गेलेलं प्रथिन

प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'काटेकोर काका' म्हणत, आणि काकांना ते आवडायचं. का नाही आवडणार? उभी हयात पेशी वाढवण्यात गेली, पण कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही. नवी पोरं आली की पहिला धडा ठरलेला: "कुपी आधी यंत्रात गरगर फिरवायची, मग उघडायची. नाहीतर मुसळ केरात!"

कुपी सूज आणणाऱ्या प्रथिनाची. माणसाच्या अंगाला जखम झाली की सूज पेटवतं तेच, फक्त जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. भुकटी इतकी थोडी की कुपी रिकामीच दिसावी. फिरवली की ती तळाला बसते. न फिरवता उघडली तर झाकणाला चिकटून त्याच्याबरोबरच जाते.

आणि एके दिवशी काकांनीच ती न फिरवता उघडली! सुनेशी फोनवर वाजलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. झाकण कचऱ्यात गेलं, कचरा जाळायला गेला, मग काकांच्या लक्षात आलं. सांगायचं ना तेव्हाच! पण नाही. 'उरली असेल थोडी तळाला,' असं मनाला समजावत त्यांनी पाणी घातलं, छोट्या नळ्यांत वाटलं आणि गोठवून टाकलं.

त्या नळ्या आल्या सूज विझवणारं औषध शोधणाऱ्या एका संशोधक पोरीच्या वाट्याला. ती पेशींवर थेंब सोडायची, पेशी ढिम्म! पुन्हा केलं, पुन्हा तेच. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई वैतागल्या. "सूजच पेटत नाही, तर तुझं औषध विझवणार काय? काकांकडून हात सुधारून घे. नाहीतर हे काम दुसऱ्याला देते."

पोरगी काकांकडे आली. "काका, माझं चुकतंय तरी कुठं?"

तिचं काही म्हणजे काही चुकत नव्हतं. पण काका, मेली ती अब्रू, बोलायला लागले: "मनगट सैल सोड. घाई करतेस." ती मान डोलवायची. घरी काकांना स्वतःची किळस यायची, आणि तरी सकाळी पुन्हा तेच, "घाई करतेस!"

शेवटी बाईंनी तिचं काम काढून घेतलं, तेव्हा मात्र काकांना राहवेना. "बाई, ती कुपी मी न फिरवता उघडली. नळ्यांत नुसतं पाणी आहे. नवी कुपी पोरीच्याच हातात द्या."

बाई हसल्या. "तुम्ही? एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल, काका. तिची दया येतेय, कळतं मला. पण असं पाठीशी घालू नका. नवी कुपी दुसऱ्याच्याच हातात जाणार."

"अहो, खरं सांगतोय!"

पण बाई दुसऱ्या कामाला लागल्याही होत्या. नव्या कुपीनं पेशी पेटणार, हे काकांना ठाऊक होतं. मग तर पोरीच्या नावावर शिक्काच बसणार.

ती सामान आवरत होती. काका तिच्याकडे धावले. "बाळ, शपथ घेऊन सांगतो, तुझा दोष नाही."

"राहू द्या, काका." तिनं डोळे पुसले. "माझ्यासाठी किती खोटं बोलाल? तुम्ही एवढं जीव तोडून शिकवलंत ना, तेव्हाच कळलं मला. माझा हातच वाईट आहे."