जनाबाईंचा पूल

आमच्या गावातून जाणाऱ्या छोट्या गाडीचे रूळ उचलून नेले, तरी शेजारच्या जनाबाई जुन्या फाटकापाशी थांबायच्या. दोन्हीकडे नीट पाहायच्या, मगच पुढे जायच्या. मी हसले की म्हणायच्या, "हास पोरी. गाडी गेली, माही सवय नाई गेली." जनाबाई आता नाहीत. त्या फाटकापाशी माझाही पाय थबकतो.

त्यांचं माहेर नदीपलीकडे, पुढच्याच स्टेशनावर. तिथे त्यांचा भाऊ अंथरुणाला खिळलेला. गाडी होती तोवर त्या नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन सकाळी जायच्या, सांजेला परत यायच्या. बसने गेलं तर मोठा वळसा, आणि त्यांना बस लागायची.

मग गाडीच्या जुन्या वाटेवर लोकांना फिरायला, सायकल चालवायला रस्ता करायचं ठरलं. घरातली पहिली कॉलेजात जाणारी म्हणून ग्रामसभेत नकाशा वाचायला मला पुढे बसवलं. रस्ता जंगलातून नदीकाठापर्यंतच होता. पुलावर नुसत्या लोखंडी तुळया उरल्या होत्या, म्हणून पर्यटक तिथूनच परतणार, असं रस्त्याच्या कामाचे साहेब म्हणाले.

"ते परततीन साहेब, मी काऊन परतू? माहा भाऊ पलीकडं हाय."

मागून कोणी तरी बोललं, "बाई, या वयात माहेर?" सभा हसली. जनाबाई हसल्या नाहीत.

साहेब पूल पाहायला आले तेव्हा आम्हीही गेलो. त्यांचं बोलणं चालू असतानाच जनाबाईंनी चपला माझ्या हातात दिल्या, लुगडं खोचलं, घोड्यावर बसावं तशा तुळईवर बसल्या आणि हातांनी पुढे सरकू लागल्या. खाली खोल पाणी.

"बाई, मागे या!" साहेब ओरडले.

"मागं कशी येऊ? मागचं दिसते का मले?"

मी चपला छातीशी धरून उभी होते. पलीकडे पोचल्यावर त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि अनवाणीच माहेराकडे चालू लागल्या. पुढच्या नकाशात रस्ता पुलावरून गेला होता.

फळ्या बसल्या, कठडे लागले. पहिल्याच सकाळी जनाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन निघाल्या, मी सोबत. पुलाच्या मध्यावर त्या थांबल्या. खाली पाहिलं, मग दूर, जिथे नदी जंगलात वळते तिथे.

"माय वो! एवढी मोठी हाय हे? गाडीच्या गर्दीत कधी दिसलीच नाई."

"त्या दिवशी इथूनच गेलात ना?"

"त्या दिवशी डोळे कोणं उघडले होते, पोरी?"

मग गाठोडं सावरलं. "चाल. भाऊ वाट पाहून राह्यला."