सोलापूरची तोडणी

तारीख-वार कळावा म्हणून अख्ख्या जगातल्या कॉफीच्या मळ्यांना कामाला लावणारा माणूस सोलापुरात एकच, आणि तो नेमका माझा थोरला मामा. मे उजाडला की "ब्राझीलला तोडणी लागली." दिवाळीच्या सुमारास "इथिओपियात बायका टोपल्या घिऊन निघाल्या." कोलंबियाचं नाव निघालं की "दोनदा पिकतं वर्षातनं, लई नशिबाची माणसं," असं म्हणून स्वतःच सुस्कारा टाकायचा. गुडघा कधीपासून दुखतोय, असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाला, "केनियाची मोठी तोडणी लागली तवापास्नं." डॉक्टर बिचारे हा कुठला जुना आजार म्हणून केसपेपर चाळत बसले. दर जानेवारीला नव्या कॅलेंडरवर तो महिन्यामहिन्याला देशांची नावं शाईनं लिहायचा. डिसेंबरात चिकमगळूर. त्याखाली मामी हळूच 'सोलापूर' लिहायची.

कारण हे सगळं वेड मामीपायी. तिचं बालपण चिकमगळूरकडच्या कॉफीच्या मळ्यात गेलेलं. मामा सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांतला. माहेराहून तिनं कॉफीचं रोप आणून परसात लावलं आणि घरच्या झाडाची एक कप कॉफी तिला पाजायचीच, असं मामानं मनावर घेतलं. मग घरातल्यांचे हाल सुरू झाले. उन्हाळ्यात पाहुण्याच्या अंगावरची चादर ओली होऊन झाडावर जायची. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. मामा स्वतः अंघोळीला बुट्टी मारायचा, पण झाडाची बादली चुकवायचा नाही. मामी एकदा तिच्या कानडी हेलात म्हणाली, "आमच्याकडं पावसाची वाट बघतात री. मग फुलं येतात." मामा छाती काढून म्हणाला, "हितं पावसाची वाट कशाला? मी हाय की!" झाड माझ्या डोक्यावर गेलं, हिरवंगार झालं, पण आठ वर्षांत त्याला एक फूल म्हणून आलं नाही.

मामी गेली ती डिसेंबरच्या शेवटी, नवं कॅलेंडर लागायच्या आत. मामा खोलीतून उठेना, परसाकडे कुणी फिरकेना. झाडानं मान टाकली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि आठ-दहा दिवसांनी एका सकाळी घरभर मोगऱ्यासारखा वास सुटला. झाड पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. मी मामाला हाताला धरून परसात आणलं. तो बघत राहिला आणि तिथंच आळ्यापाशी खाली बसला. "जन्मभर डाळिंबाला ताण दिला रं मी," तो म्हणाला. "पाणी तोडल्याबिगर झाड फुलत न्हाय, हे काय मला म्हाईत नव्हतं? पण हिच्या झाडाला तहानलेलं ठिवायला माझा जीव झाला न्हाय."

डिसेंबरात मूठभर फळं लाल झाली. मी उत्साहानं पेन घेऊन कॅलेंडरापाशी गेलो, तर मामा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ते तिचं काम हाय." फळं त्यानं तोडली, वाळवली, पण बिया भाजल्या नाहीत, मामीच्या कॉफीच्या डब्यात तशाच आहेत. यंदा मात्र त्यानं ठरवून पाणी तोडलंय. रोज संध्याकाळी सवयीनं बादली भरतो, झाडापाशी खुर्ची टाकून अंधार पडेपर्यंत बसतो, आणि ती भरलेली बादली तशीच उचलून आत घेऊन येतो.