पदराखालचं बाळ

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते.

मी तेव्हा गिरणगावातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सकाळी निनावी फोन आला. डिलाईल रोडच्या एका चाळीत नवीन भाडेकरूंच्या खोलीत पन्नाशीची बाई आहे, पदराखाली एवढंसं बाळ लपवून ठेवते, खोलीतली तरुण बाई मात्र महिनाभर दिसलेली नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या हद्दीतून मूल चोरीला गेलं होतं. डायरीत नोंद करून मी महिला हवालदाराला पाठवलं आणि बाईला आणवलं.

बाळ तिच्या छातीला घट्ट बांधलेलं होतं. बाई कणकवलीकडची, बाळाची आत्या. ती सांगत होती, की भावजयीचं ब्लड प्रेशर भयंकर वाढलं, फिट आली, म्हणून सातव्या महिन्यातच सिझर करावं लागलं. आई अजून हॉस्पिटलातच आहे. बाळाला चार दिवसांपूर्वी घरी सोडलं.

"कागद कुठे आहेत?"

"भावाकडे. तो तिच्याजवळ बसलाय."

भावाचा फोन बंद होता. हॉस्पिटलात पेशंटजवळ फोन बंद ठेवायला लावतात, हे मला ठाऊक होतं. तरी माझा संशय पक्का झाला. चोवीस वर्षांच्या नोकरीत खोटं बोलणारी माणसं इतकी पाहिली होती, की घाबरलेला माणूस मला खोटाच वाटायचा.

"बाळ सोडा आणि टेबलावर ठेवा," मी म्हणालो. "नीट पाहू दे."

"नको ओ साहेब. अंगावरून काढू नका, थंड पडेल. डॉक्टरांनी बजावलंय."

मी हवालदाराकडे पाहिलं. तिने नाइलाजाने बाळ सोडवून टॉवेलात गुंडाळलं. केबिनमध्ये एसी चालू होता. मी प्रश्न विचारत राहिलो. तेच प्रश्न, उलटसुलट. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील.

"साहेब," हवालदार एकदम ओरडली, "याचे ओठ निळे पडलेत!"

आत्याने कुणाला न विचारता बाळ ओढून पुन्हा छातीशी धरलं. जीपमध्ये ती एकसारखी त्याची पाठ चोळत होती. त्याच हॉस्पिटलच्या दारात भाऊ भेटला, फाइल घेऊन ठाण्याकडेच निघालेला. आत्याचा शब्द न् शब्द खरा होता.

बाळाला पुन्हा काचेच्या पेटीत ठेवलं. बारा दिवसांनी ते घरी गेलं. पुढे याचा काही परिणाम होईल का, असं मी त्या पहिल्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आत्ता कोणीच सांगू शकत नाही. इतक्या लहान बाळाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आत्याच्या छातीची ऊब हेच त्याचं औषध होतं."

मी आत्याला म्हणालो, "चुकलं माझं."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "माका सांगून काय उपयोग, साहेबानु? तेच्या आवशीक सांगा."

मी लगेच वरच्या मजल्यावर बाळाच्या आईकडे गेलो. आईचा चेहरा अजून सुजलेला होता. मी साध्या कपड्यांत होतो. भावाचा कोणी ओळखीचा असेन, असं तिला वाटलं.

"घरी बाळ बरं आहे ना हो?" तिने विचारलं.

मी "हो" म्हणालो आणि जिना उतरलो.

संशय घेणं हे पोलिसाचं कामच आहे. पण आधी बाळाला डॉक्टरकडे न्यायचं आणि मग चौकशी करायची, एवढं सुचायला हुशारी लागत नव्हती. नंतर मी माझ्या ठाण्यात तसा नियमच घालून दिला. त्या आईला मात्र मी खरं कधीच सांगितलं नाही. मूल आता शाळेत जात असेल. कसं आहे, हे विचारायला त्या चाळीत जायचं धाडस मला अजून झालेलं नाही.