तिसरी बायको रुई

मला चार बायका झाल्या. त्यातल्या दोन मेल्या, एक झाड आहे, आणि एक आत चुलीपाशी बसून माझ्यावर करवादते आहे. हसायचं तर हसा. आमचं गाव हसून हसून बोळकं झालं, त्यात तुमचे चार दात.

माझं शिकणं दुसरीपर्यंत, तेही निजामाच्या राज्यात, उर्दूतनं. मराठी अक्षरं मी नंतर एसटीच्या पाट्या बघून शिकलो. तेव्हा शुद्धलेखन बघू नका, मजकूर बघा.

पहिली बायको बाळंतपणात गेली, दुसरी पटकीत. निजाम गेला होता आणि आमचा जिल्हा मुंबई राज्याला जोडला त्या सुमाराची गोष्ट. आईनं लगेच मुलगी बघितली. उमरग्याच्याही खालची, कानडी मुलखाला लागलेल्या गावची. पण आमच्यात रीत अशी, की दोन बायका गेलेल्या माणसानं तिसरी बायको बाईमाणूस करायची नाही. तिसरी मरतेच म्हणतात. म्हणून तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, आणि अक्षता पडल्या की ती रुई मुळासकट उपटून फेकायची. झाली तिसरी मेली. मग चौथी आणायला माणूस मोकळा.

रुई आमच्या परसातच होती, गोठ्याच्या भिंतीमागं. बायांनी तिच्या पानांना हळद लावली, फांदीत हिरव्या बांगड्या अडकवल्या, खोडाला चोळीचा खण गुंडाळला. मी मुंडावळ्या बांधून समोर उभा. सगळी भावकी गोळा झालेली. माझा थोरला चुलतभाऊ, जो पुढं सरपंच झाला, तो तोंडात बुंदी कोंबून म्हणतो कसा, "नवरी लई गोरी हाय रं! आन सासूला उलटून बोलणार न्हाय!" त्याच्या मिशीला बुंदीचा पाक चिकटला होता आणि त्याच्यावर माशी बसली होती. ती माशी मला आजही दिसते.

अक्षता पडल्या. भटजी म्हणाले, "आता उपटा." चुलतभाऊ हात धोतराला पुसून कुदळ घेऊन पुढं आला. बाकीचे द्रोण हातात धरून बघत उभे. माझ्या दोन्ही बायकांच्या सरणापाशी हीच तोंडं उभी होती, आणि तिथंही ह्यांच्या डोळ्यांत हेच होतं, की उरका लवकर. मला एकदम शिसारी आली. आत्ता जिच्या अंगाला हळद लावली, तिच्या मुळावर आत्ताच कुदळ?

"दादा, कुदळ खाली ठेवा," मी म्हणालो.

"का रं?"

"ती माझी बायको हाय. तुमच्या सगळ्यांच्या देखत केलेली. माझ्या बायकोला कुणी हात लावायचा न्हाय."

लोक आधी हसले. मग मी कुदळ हिसकून गोठ्यावर फेकली तेव्हा द्रोण सावरत मागं सरले. आई रडायला लागली. "लेकरा, ही जित्ती राहिली तर येणारी मरंल रे!" मी ऐकलं नाही. एकदा न्हाय म्हटलं की न्हाय. बापाचं ऐकलं नाही, रझाकाराचं ऐकलं नाही, मग बुंदीखाऊ भावकीचं काय ऐकणार?

चौथी आली. तिनं उंबरा ओलांडायच्या आत कुणा भवानीनं तिच्या कानात सगळं सांगितलंच होतं. दुसऱ्या दिवशी ती परसात गेली, रुईकडं बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "अवो, ही अक्का व्हय?" त्यांच्याकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. सवतीलाही. मी मान हलवली. त्या रात्रीपासनं ती परसाकडं तोंड करून कधी झोपली नाही.

पावसाळ्यात रुईला अळ्या पडल्या. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर काळी शिंगं. पाठोपाठ ते निळे-पिवळे नाकतोडे आले, जे हातात धरलं की घाण वासाचं पाणी सोडतात. झाडाची पानं गेली, नुसत्या काड्या राहिल्या. बायको ओरडली, "अय्यो! अक्काला किडे पडले!" चुलतभाऊ भिंतीवरनं डोकावला. "काय रं, खरूज झाली का तुझ्या बायकोला?"

मला अळीची किळस येत नव्हती असं नाही. येत होती. पण चुलतभावाची जास्त येत होती. एका रुईनं अळ्यांचं भागत नाही हे दिसत होतं, म्हणून मी तिच्या बाजूला बी टाकून आणखी रुया उठवल्या. खावा म्हटलं, पोटभर खावा. मग त्याच अळ्या पानाखाली उलट्या टांगल्या, हिरवे लोलक झाले, त्याच्यावर सोन्याचे ठिपके. त्यातनं तांबडी फुलपाखरं निघाली. आमच्या कोंबडीनं एक अळी चोचीत धरली, थुंकली, आणि चोच मातीत घासत बसली. त्या दिवसापासनं मला अळ्यांबद्दल थोडा मान वाटायला लागला.

मला फुलपाखरांचा शौक होता असं कुणी समजू नये. मी ते सगळं भावकीला जळवायला केलं. पिवळ्या फुलपाखरांना तरवड लागतो हे माळावर बघितलं होतं, म्हणून तरवड लावला. कढीलिंबावर वेगळ्या अळ्या येतात, म्हणून तो लावला, आणि त्याचं एक पान कुणाला फोडणीला तोडू दिलं नाही. बोराची बी रुजली, ती ठेवली. आघाडा माजला, तोही ठेवला. मग सरडे आले, बुलबुल आले, सातभाई कलकलाट करायला लागले, मुंगूस आलं. लोक म्हणायचे, "परस हाय का उकिरडा?" मी म्हणायचो, "माझं सासर हाय."

महाराष्ट्र झाला, ग्रामपंचायत आली, चुलतभाऊ सरपंच झाला. मिशी तीच, आता वर टोपी. साहेब गाव बघायला येणार म्हणून त्यानं सफाई काढली. सफाई म्हणजे काय, तर जे जे आपोआप उगवतं ते ते उपटायचं. ओढ्याकाठचा तरवड गेला, वेशीवरची बोराटी गेली. आणि त्या जागी काय लावलं? बेशरम. तालुक्याहून गाडीभर फांद्या आल्या, कुंपणासाठी, फुकट. काडी खोचा की वाढली. बकरी तोंड लावत नाही, गाय हुंगत नाही. फुलं जांभळी, मोठाली, लग्नातल्या बँडवाल्याच्या कोटासारखी. मी पुष्कळ दिवस पाळत ठेवली, तिचं पान कुणी खाल्लेलं दिसलं नाही. ज्याचं पान कुणी खात नाही ते झाड कसलं? वर घराघरात पांढरी पावडर मारली, डासांची. तिचा वास भाकरीला लागला, पाण्याला लागला. परसात फुलपाखरं उलटी होऊन पडली. पावडरवाल्याला मी परसात पाऊल टाकू दिलं नाही, पण वारा कुणाचं ऐकतो?

आणि नेमकी त्याच पावसाळ्याच्या शेवटी बायको तापली. थंडी वाजून ताप. घोंगड्यावर घोंगडी टाकली तरी दात वाजायचे. बेंबळी गावच्या डॉक्टरानं कडू गोळ्या दिल्या, त्या पोटात ठरेनात. गाव हळूहळू दारात जमलं. हातात द्रोण नव्हते एवढाच फरक.

आई म्हणाली, "आता तरी ऐक. ती जित्ती हाय म्हणून ही चालली."

चुलतभाऊ कुदळ घेऊन आला. त्याला तर दोन्ही साधायचं होतं, भावजय वाचवल्याचं पुण्य आणि साहेब यायच्या आत परस साफ. पायाला बेशरमीचा चीक लागलेला, कपाळावर बुक्का. म्हणतो, "बाजूला सर. हट्टापायी आणखी एक माणूस घालवतोस का?"

मी दारात उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला न्हाय म्हणता येईना. रझाकारापुढं आलं होतं, ह्याच्यापुढं येईना. आतनं तिचे दात वाजल्याचं ऐकू येत होतं. मी बाजूला सरलो. तो माझ्या खांद्याला खांदा घासून परसाकडं निघाला.

आतनं ती ओरडली. आवाज कसला, नुसता खरखराट. "भावजी! अक्काला हात लावू नका!"

"बाई, तुझ्या जिवासाठीच हाय हे."

"माझ्या जिवासाठीच सांगते. अक्का दरवर्षी मरते. अळ्या तिला खात्यात, पान राहत न्हाय, काड्या होत्यात. बघितलं न्हाय का तुमी? माझ्या वाटचं मरण ती दरसाल मरते, आन परत उठते. म्हणून मी इतकी वर्षं हाय. तुमी तिला मुळातनं काढली तर ती एकदाच मरंल. मग पुढच्या साली कुणाची पाळी?"

चुलतभाऊ कुदळ खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. भटजी आले होते, ते दाढी खाजवत म्हणाले, "ह्याला शास्त्रात काही उत्तर नाही." आई रडायची थांबली. परसात रुई खरंच बोडकी उभी होती, खालपासून वरपर्यंत काड्या, आणि बुंध्याशी नखाएवढं नवं पान. सगळ्यांनी जाऊन ते पान बघितलं. मग एकेक जण पाय न वाजवता निघून गेला.

पुढं गोळ्या पोटात ठरल्या आणि ती उठली. गोळ्यांनी उठली असं मी म्हणतो, ती तसं म्हणत नाही.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण आमचं गाव! मी वर्षानुवर्षं परस राखत होतो तेव्हा उकिरडा म्हणणारी हीच तोंडं, आता हळदकुंकू घेऊन रुईपाशी. शेंदूर फासला, नारळ फोडले. नारळाचं पाणी नासून मुंग्या, माशा, दुर्गंधी. पानं तोडून पदरात बांधली. मला त्यांच्या हसण्याची जेवढी किळस आली नव्हती तेवढी त्या हात जोडण्याची आली. आणि पुढच्या पावसाळ्यात कहर झाला. चुलतभावाची सासू येऊन भक्तीनं एकेक अळी वेचून चपलेखाली चिरडत होती.

बायको काठी घेऊन धावली. "आत्याबाई, हात काढा!"

"अगं, अक्काला साफ करते."

"साफ करू नका. अक्का मेली पायजे! ती वाचली तर मी मरते!"

म्हातारी चप्पल सोडून पळाली. तेव्हापासनं पावसाळ्यात काठी घेऊन परसात बसायचं काम बायकोनं घेतलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

आता आम्ही दोघं थकलो. रुई तीच आहे, बुंधा मांडीएवढा झालाय. काल बायको परसातनं आली, हात धुतले आणि म्हणाली, "अक्का आज बोडकी झाली. चला, अजून एक वरीस हाय मी." आणि भाकरी थापायला बसली. पलीकडं ओढाभर बेशरम फुलली होती, जांभळी, एकही पान न कुरतडलेली. भिंतीवरनं मी त्या बेशरमीच्या दिशेनं थुंकलो आणि जेवायला गेलो.