ठरावाक व्हय म्हाराजा

मी खुर्चीवर बसणार तेवढ्यात उपसरपंच आबा म्हणाले, "थांब गो." टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून त्यांनी सरपंचाच्या खुर्चीवर अंथरलं. "हां, आता बस. नायतर खुर्चीक माशांचो वास लागतलो."

सगळे सदस्य हसले. मीही हसले. मेलं माझं तोंड!

मी मासे विकते. वीस वर्षं मालवणच्या बाजारात पाटी घेऊन बसलेली बाई. गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा आबांनीच मला उभी केली. त्यांना सांगेल तिथे सही करणारी हवी होती, आणि मी सातवी शिकलेली. पुढचे आठ महिने ते वर्तमानपत्र माझं मीच अंथरलं. कुणी सांगितलं नव्हतं. आठवलं की अजून अंगाची आग होते.

मग ती ग्रामसभा. आमची ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरते आणि आधी गाऱ्हाणं घालतात. आबा गावकर, म्हणजे देवळाचे मुख्य मानकरी, त्यामुळे गाऱ्हाण्याचा मान त्यांचा. ते देवापुढे एकेक मागणं ठेवतात आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" त्या दिवशी गावाच्या रखवालीचं मागणं झालं, पोराबाळांचं झालं. आणि त्याच चालीवर आबा पुढे म्हणाले, "...आणि वाडीसमोरची किनाऱ्याची जागा पर्यटन प्रकल्पाक देऊक ह्या ग्रामसभेची काय्येक हरकत नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. मीही म्हणाले. मोठ्याने, डोळे मिटून, हात जोडून.

त्याच जागेवर आमच्या वाडीतल्या बायका मासे सुकवतात. रापणीचं मोठं जाळं सगळे मिळून तिथेच किनाऱ्यावर ओढतात. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा त्या सुक्या माशांवर आमच्या चुली चालतात. देवळाच्या पायऱ्यांवर जावेने विचारलं, "गो, तू आमचो किनारो दिलंस?" तेव्हा माझ्या पायाखालची वाळू सरकली.

दुसऱ्या दिवशी आबांनी इतिवृत्ताची वही पुढे ढकलली. किनाऱ्याचा ठराव तिच्यात 'एकमताने मंजूर' असा लिहिलेला. "सही कर."

"मतदान झाला नाय, आबा."

ते भडकले. "माका शिकवतंस? घटना पयली छापली तेवा तुझी ही खुर्ची तिच्यात नाय होती! मागसून चिकटवलेली आसा. तू खंय, आणि सरपंचपद खंय!"

मी बाहेर आले आणि तोंडात पदर कोंबून रडले. ग्रामसेवक घाटावरचे, कमी बोलणारे. त्यांना विचारलं, "आबा बोलले ते खरं?"

"खरं आहे, मॅडम. बायकांच्या जागा नंतरच्या दुरुस्तीने आल्या. आधी तिसरा हिस्सा, मग आपल्या राज्याने अर्ध्या केल्या. पण दुरुस्ती झाली की तीही घटनाच." मग हळूच म्हणाले, "कधी शब्द तोच राहतो, अर्थ वाढतो. जगण्याचा हक्क पहिल्यापासून होता. पोट भरण्याचं साधनही त्यात येतं, हे कोर्टाने मागाहून सांगितलं."

अरे, फाटलेलं जाळं आम्ही दर हंगामाला तुणतो. तुणलेला तुकडा जाळ्याचा नव्हे असं कुणी म्हणतं का? हे मला कळतं, आणि आबांना कळत नसेल? चांगलं कळतं. म्हणून तर ते माझी सही मागत होते!

मी परत आत गेले. "आबा, खुर्ची चिकटवलेली, मग तिची सही कित्याक होयी तुमका? मी करूचंय नाय."

आता वाडीत दोन तट पडलेत. आबांच्या तटातलं कुणी नवऱ्याला रापणीवर बोलवत नाही. जाव म्हणते, "तूच व्हय म्हटलंस." तिचं खरं आहे, ती चूक माझी. भीती वाटते मला, खोटं कशाला सांगू? पण मी पुन्हा ग्रामसभा बोलावलीय. नोटीस माझ्या हाताने लिहिली: गाऱ्हाणं देवळात होईल, ठराव शाळेच्या पटांगणात, हात वर करून.

आबा घरी आले. ओटीवर न बसताच म्हणाले, "तुझ्यार अविश्वासाचो ठराव आणतलंव आम्ही."

"आणा," मी म्हटलं. "पण हात मोजून आणा. व्हय म्हाराजा देवाक. ठरावाक नाय."