फोन न करता येणारी घरमालकीण

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई मी. माहेर वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे माझ्या प्रत्येक काकाला कधी ना कधी देवचार भेटलेला. मला मात्र बँकेच्या उभ्या नोकरीत ऑडिटरपेक्षा भयंकर काही भेटलं नाही. तेव्हा पुढचं वाचून कोणी मला अंगाऱ्या-धुपाऱ्याचा पत्ता पाठवू नये, ही आधीच विनंती.

जागा सांगते. डिलाईल रोडवर माझ्या वडिलांची खोली आहे... चाळीचा तिसरा मजला, गॅलरीच्या शेवटून दुसरं दार. वडील गिरणीत होते. पुढे चाळीची सोसायटी झाली आणि खोली माझ्या नावावर आली. चाळ आता पडणार, टॉवर होणार, हे मी माझ्या लग्नापासून ऐकतेय. मुलाचं लग्न झालं, तो पुण्याला गेला, चाळ उभीच आहे. मी मिस्टरांबरोबर दादरला राहते आणि खोली विद्यार्थ्यांना देते. परळ जवळ, कॉलेजं जवळ, त्यामुळे विद्यार्थ्यांची वानवा कधी नव्हती.

ओळखीत कोणी पोरांना जागा द्यायची म्हटली की मला फोन येतो आणि मी माझी पोपटपंची सुरू करते. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करा. पोलीस व्हेरिफिकेशनचा कंटाळा करू नका. आईवडिलांशी एकदा तरी बोला. आडनावावरून जात हुंगत बसू नका. चाळीत शेजार टिकतो तो स्वभावावर. डुप्लिकेट किल्ली स्वतःजवळ ठेवा, पण तिचा उपयोग करू नका. पोरांच्या घरात न सांगता कधी जाऊ नका... भाड्याचं असलं तरी ते त्यांचं घर आहे. यातल्या एका सल्ल्यापाशी मी हल्ली अडखळते. का, ते सांगते.

दोन मुली आल्या होत्या. परभणीची ऋतुजा आणि कराडची स्नेहा, दोघी फिजिओथेरपीच्या. स्नेहा बोलकी, फटकळ. ऋतुजा म्हणजे ठसका लागला तरी आधी परवानगी मागेल अशी. शेजारच्या खोलीत साळवेवहिनी. त्या लग्न होऊन चाळीत आल्या तेव्हा मी कॉलेजला होते, त्यामुळे मला अजून अगं-तुगं करतात. मुलींना मी म्हटलं, काही लागलं तर वहिनींचं दार वाजवा, मी फोन केल्याशिवाय येणार नाही. हे बोलताना मी एक पाय बाहेर ठेवूनच उभी होते, कारण खाली टॅक्सी थांबवली होती. मला कायम घाई असते. मिस्टर म्हणतात, ही देवालाही उभ्या उभ्या नमस्कार करते.

दिवाळीनंतर स्नेहाचा फोन आला.

"काकू, राग मानू नका... पण येताना आधी एक मेसेज टाकाल का?"

"मी कुठे आले?"

"आमचे कपडे तुम्ही आत घेतलेत ना, घड्या घालून. आणि गॅसचा रेग्युलेटर रोज बंद असतो. आम्ही नाही करत तो बंद, खोटं कशाला बोलू."

मी जरा आवाज चढवला. माझा स्वभाव आहे तो. म्हटलं, "बाळ, मला माझ्या घरचे कपडे आवरत नाहीत, तुमचे कुठे आवरू?" फोन ठेवला आणि लगेच वहिनींना लावला... खोलीत कोण शिरतंय ते विचारायला.

"कोण म्हणजे? तूच की!" वहिनी म्हणाल्या. "काल दुपारी आलीस. मी हाक मारली, हसलीस नि आत गेलीस. चप्पल नेहमीसारखी भिंतीला टेकवून उभी केलीस. मला वाटलं, हिला नेहमीसारखी घाई."

चप्पल भिंतीला टेकवून उभी करायची सवय माझीच. चाळीतल्या कुत्र्यांनी माझ्या लहानपणी एक सँडल पळवली होती तेव्हापासूनची. पण आदल्या दुपारी मी दादरला डेंटिस्टच्या खुर्चीत होते, आ वासून. मिस्टर बाहेर पेपर वाचत बसले होते.

मी तशीच डिलाईल रोडला गेले. (फोन करून!) मुलींनी कपडे दाखवले. कुर्त्यांच्या बाह्या आत दुमडून, मग तीन घड्या... मी घालते तशा. माझी आई घालायची तशा. हात लावायचा धीर झाला नाही मला. उगाच म्हटलं, "चोर असता तर घड्या कशाला घातल्या असत्या?" ऋतुजा हसली नाही. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. शिक्षक माणूस, एक शब्द वावगा बोलले नाहीत. "ताई, मुलीला तुमच्या भरवशावर ठेवलंय," एवढंच. एखादा शिवीगाळ करतो तेव्हा उलट बोलता येतं. इथे मात्र लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाल्याला बोलावून माझ्यासमोर कुलूप बदललं. दोन्ही किल्ल्या मुलींच्या हातात दिल्या. म्हटलं, आता मिटलं.

मिटलं नाही. आठवडाभरात स्नेहाने परत फोन केला. या वेळी आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "काकू, रेग्युलेटर परत बंद होता. कुलूप लावलेलं होतं. तुम्ही नाही हे आम्हाला कळलं... मग कोण?"

आता मनात काय होतं ते स्पष्टच लिहिते. भुताचा विचार मला शिवलाही नाही. मला भीती वाटली ती माझी. वडिलांचं शेवटी शेवटी असंच झालं होतं. गिरणी बंद होऊन जमाना लोटला तरी डबा घेऊन निघायचे, दुपारभर कुठे कुठे फिरायचे, आणि आल्यावर विचारलं तर भाबडेपणाने म्हणायचे, "मी खंय गेलंय?" खरंच आठवायचं नाही त्यांना. तेच आता माझ्या डोक्यात सुरू झालं असेल तर? मी जातेय, आणि मला कळत नाहीये? डेंटिस्टकडे गेल्याचा दिवसच मी चुकीचा धरला असेल तर? किल्लीचं काय, मुलींनी दार उघडं टाकलं असेल, मी शिरले असेन... मन एकदा वैरी झालं की त्याला सगळं पटतं.

मिस्टरांना सांगितलं, दुपारी माझ्यावर लक्ष ठेवा. ते म्हणाले, "इतकी वर्षं तू माझ्यावर ठेवलंस, आता माझी पाळी." पण हसता हसता त्यांनी दाराला आतून वरची कडी लावायला सुरुवात केली, जिथे माझा हात पुरत नाही. ते बघून मला रडू आलं. डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी वार-तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बँकेतल्या बाईला वजाबाकी! सगळं ठीक आहे म्हणाले. ठीक आहे म्हणून कोणाला झोप लागते का?

मुली परीक्षा झाल्यावर जागा सोडणार होत्या. मी अडवलं नाही.

याच काळात माझ्या भाचीचा साखरपुडा आला. गावी, वेंगुर्ल्याला. मी जायला तयार नव्हते, मिस्टरांनी जवळजवळ ओढत नेलं. तिकडे चार माणसांत जरा बरं वाटलं. दुपारी पंगतीत बसले होते. खूप जण अशा वेळी लिहितात की काळजात चर्र झालं, दिवा विझला, घास अडला... मला काही म्हणजे काही झालं नाही. मी दुसऱ्यांदा सोलकढी मागत होते. शेजारी भाऊ बसला होता. तो म्हणाला, "ताये, जरा दमान. कढी खंय पळून जाता?" तेवढ्यात फोन वाजला. साळवेवहिनी.

"नीला, कुठे राहिलीस गं? आम्ही हॉस्पिटलात पोचलो. पोरीला आत घेतलंय. मागनं येते म्हणालीस ना?"

"कोणाला आत घेतलंय?"

"ऋतुजाला! काय बोलतेस? आत्ता तर तिच्या उशाशी बसली होतीस."

मी हात न धुताच उठले. "वहिनी, मी वेंगुर्ल्याला आहे. साखरपुड्याला."

वहिनी हळूच म्हणाल्या, "चेष्टा नको करू गं."

मी फोन तसाच भावाच्या हातात दिला. त्याने वहिनींना सांगितलं, हो, ताई सकाळपासून इथेच आहे, पन्नास माणसांच्या डोळ्यांदेखत. ते ऐकताना मला काय वाटलं सांगू? आधी सुटल्यासारखं वाटलं. मी वेडी नाही! वडिलांसारखं झालेलं नाही मला! आणि पुढच्याच क्षणी कळलं की असं असेल तर हे त्याहून मोठं आहे... आणि तिकडे ती मुलगी आहे.

घडलं होतं ते असं. स्नेहा कराडला गेलेली. ऋतुजा एकटी. दोन दिवस ताप अंगावर काढला, कोणाला सांगितलं नाही. वहिनींना त्रास नको, मला त्रास नको. त्या दिवशी तिला उठवेना. दाराला आतून कडी. फोन चार्जिंगला, कोपऱ्यात. दुपारी वहिनी गॅलरीत आल्या तर शेजारचं दार उघडं आणि मी पलंगावर ऋतुजाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत बसलेली. मी म्हणाले म्हणे, "वहिनी, टॅक्सी बोलवा. हिला हॉस्पिटलात न्यायला हवं. मी बसते तोवर." वहिनींचे मिस्टर खाली धावले. टॅक्सी आली, पोरीला धरून उतरवलं. गडबडीत मी मागे राहिले, येईन मागून, असं सगळ्यांनी धरलं.

आम्ही मिळेल त्या गाडीने निघालो आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात पोचलो. तोवर परभणीहून तिचे आईवडील आले होते. डेंग्यू निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. ऋतुजाच्या आईने माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. मला ते हात सोडवून घ्यावेसे वाटत होते. कशाबद्दल आभार मानतेय ही बाई? मी तर कढी पीत होते!

ऋतुजा जरा बसती झाल्यावर मी एकटीच तिच्याजवळ गेले. मी त्या दिवशी गावी होते हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"ऋतुजा, दार कोणी उघडलं?"

"मी नाही. मला मान उचलवत नव्हती. डोळे उघडले तर तुम्ही होतात."

"नीट बघितलंस? मीच?"

"तुम्हीच. पोपटी साडी होती. मला वाटलं तुम्ही रागावणार, सांगितलं नाही म्हणून. तर म्हणालात, 'झोप. मला कुठे जायचं नाहीये.'"

माझ्या तोंडून हे वाक्य आजवर कोणी ऐकलेलं नाही. नवऱ्याने नाही, मुलाने नाही.

तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि घाबरतच म्हणाली, "काकू, एक सांगू? होतात तुम्हीच... फक्त घाईत नव्हतात."

मग मात्र मला आवरलं नाही. पलंगाच्या कडेला बसले आणि रडले. तिला काय वाटलं कोण जाणे, तीच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

घरी गेल्यावर पहिलं कपाट उघडलं. पोपटी साडी घडीत होती. वास घेतला तर डांबरगोळ्यांचा. मिस्टरांचं म्हणणं असं की तापात ऋतुजानेच कडी काढली असेल आणि विसरली असेल. मान्य. भ्रमात तिला मी दिसले असेन. तेही मान्य. पण वहिनींना कुठे ताप होता? आणि मुलींनी खोली सोडायचा विचार सोडला तो सोडलाच. स्नेहा म्हणाली, "रेग्युलेटर बंद करणारं माणूस वाईट कसं असेल?" कोर्स संपेपर्यंत दोघी तिथेच राहिल्या. मी अधूनमधून जात राहिले, फोन करून, आणि टॅक्सी न थांबवता. बसायला शिकतेय. अजून नीट जमत नाही, अर्ध्या तासात पाय वळवळतात.

उलगडा मला आजही झालेला नाही. भीती गेली असंही नाही. दुपारी झोपून उठले की पहिल्यांदा मी चप्पल बघते. कोणाला काही सुचत असेल तर खाली जरूर लिहा, फक्त मनाचे खेळ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. मनाच्या खेळाने टॅक्सी येत नाही.

गेल्या महिन्यात नव्या दोन मुली आल्या, एक नांदेडची, एक चिपळूणची. अ‍ॅग्रीमेंट, व्हेरिफिकेशन, गॅस, नळ, सगळं नेहमीसारखं समजावलं. किल्ल्या दिल्या. मग म्हटलं, आता शेवटचं नीट ऐका. मी फोन केल्याशिवाय कधीच येत नाही. त्यामुळे फोन न करता आले, तर ती मी नाही.

पण तिला आत येऊ द्या.