पेंटर दर वेळी पास

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या माणसाला सगळे पेंटरच म्हणत, बायकोसुद्धा. शाळेत गणितात तो जितक्यांदा बसला तितक्यांदा आपटला. पुढे आयुष्यभर एकाच परीक्षेत पास होत आला, आणि ती परीक्षा नव्हतीच.

झालं होतं असं, की हृदयविकार माणसाला का जडतो हे शोधायला एका मोठ्या दवाखान्यानं शहरातली हजारएक धडधाकट माणसं निवडली होती. दर दोन वर्षांनी त्यांना बोलवायचं, रक्त घ्यायचं, वजन करायचं, काय खाता, किती चालता ते विचारायचं आणि पुढे कोणाचं काय होतं ते बघत राहायचं. पेंटर तरुणपणीच त्यात लागला. बोलावणं आलं की गडी सुतासारखा सरळ व्हायचा. सिगारेट बंद, मीठ बंद, पहाटे मैदानाला फेऱ्या. पंधरवडाभर बायकोला दुसऱ्याच कुणाशी संसार केल्यासारखं वाटे. आणि तपासणी आटोपली की दवाखान्यासमोरच्या टपरीवर पहिली सिगारेट. दवाखान्यात मात्र त्यानं कधी ताकास तूर लागू दिली नाही. संशोधनाला त्यानं इतकी वर्षं अशी मदत केली.

या खेपेला सरळ होऊनही भागेना. शिडी चढली की छाती आवळल्यासारखी व्हायची.

"तिथे सांगा," बायको म्हणाली.

"वेडी आहेस का? नाव काढतील."

कुठेतरी पास होणारा माणूस म्हणून त्याचं जे काही नाव होतं, ते तिथेच होतं. तपासणीच्या दिवशी बायको चपला घालून बरोबर निघाली.

सिस्टरनी नेहमीचे प्रश्न काढले.

"छातीत दुखतं?"

"छे."

"चढताना दम लागतो?"

"अजून शिडीवरच असतो मी."

हे निदान खोटं नव्हतं, म्हणून पेंटरला जरा बरं वाटलं.

बायकोनं विचारलं, "सिस्टर, आजारी पडलं तर नाव काढता का हो?"

"छे हो, त्यासाठीच तर हे चाललंय. माणूस गेला तरी काढत नाही. घरी जाऊन विचारतो, कसा गेला, आधी काय काय होत होतं."

"कोणाला विचारता?"

"बायको असेल तर तिलाच."

बायकोनं मांडीवरची पिशवी उगाच नीट केली.

"मग आत्ताच सांगते, माझ्याकडे येऊ नका. मला नाही जमायचं ते. जे विचारायचं ते हे आहेत तोवर यांनाच विचारा."

पेंटरनं तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्यावर चिडायची, त्याला हसायची. घाबरलेलं मात्र त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"सिस्टर," तो म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून विचारा. सिगारेटपासून."